तीन किल्ल्या

परीक्षेत प्रश्न आला होता :
राज्याची सत्ता एकाच हाती का असू नये?
दहा गुण.
मी तिन्ही शाखांची नावं लिहिली,
खाली आकृती काढली, बाण दोन्हीकडून.
सात मिळाले.

उरलेले तीन
दिवाळ्याच्या कोळीवाड्यात, आमच्या माळ्यावर,
पत्र्याच्या हिरव्या पेटीत होते.

पेटी जमातीची. पोपडे धरलेली.
खाडीत कुणी कुठे डोल लावायची
त्या लिलावाचे पैसे तिच्यात,
तोंडाला तीन कड्या, तीन कुलपं.
एक किल्ली पोशाकाका मढवींकडे,
बैठकीत बसून नियम बांधायचे ते.
दुसरी बाबांकडे : दंड गोळा करा,
जेट्टीची फळी बदला, दिवा लावा.
तिसरी चांगुणामावशीकडे.
तिच्या ओट्यावर भांडणं यायची.
बोंबील उलटेपालटे करत ती दोन्हीकडचं ऐकायची
आणि सख्ख्या भावालाही
जाळं परत द्यायला लावायची.

तिघांचं कधी पटलं नाही.
पोशाकाकांच्या मते बाबा उधळे,
बाबांच्या मते काका नुसते तोंडाळ,
मावशीच्या मते दोघांनाही अक्कल यायची होती.
पेटी उघडायची म्हणजे अर्धा दिवस.
एक दोरखंड आणायचा तरी
आधी ओहोटी लागायची, मग भरती.

मग काका पोराकडे उलव्याला राहायला गेले.
मावशीच्या दोन्ही डोळ्यांत मोती उतरला.
दोघांच्या किल्ल्या बाबांच्या करगोट्याला आल्या.
लोक म्हणाले, हाशा तांडेलवर कोण संशय घेणार?
खरंच, कुणी घेतला नाही.
पंधरवड्यात जेट्टीला नवी फळी,
दिव्याला नवी वायर,
भांडण सकाळचं सकाळी मिटायचं.
गाव खूश. मीही.
नववीत होते, मला वाटायचं
कारभार असाच असतो.

एका रात्री बाबांनी मला उठवलं.
पेटी उघडी, वही उघडी. म्हणाले, मोज.
मी दोनदा मोजले.
रुपया कमी नव्हता.

"ठाव हाय माना, कमी नाय.
पन परवा काशाला दंड केला.
नियम मीच केलेला, त्याच सकाळी.
धरला पन मीच.
तो बोलला, चूक हाय ह्यो.
मंग चूक का बरोबर, तेबी मीच सांगितला.
काशा गप पैसं ठेवून गेला.
सगली बैठक गप.
येक मानूस भांडला नाय गं माझ्याशी."

पैसे चोरीला गेले तर मोजता येतात.
बाबा त्या रात्री
न मोजता येणाऱ्या कशाला तरी घाबरले होते.

पहाटेच्या भरतीला होडी काढून उलव्याला गेले,
काकांच्या उशाशी किल्ली ठेवली.
काका म्हणाले, माझ्याच्यानं होत नाही आता.
बाबा म्हणाले, मग दुसरा माणूस दे, माझा नको.
परत येऊन मावशीच्या ओट्यावर.
तिच्या डोळ्यांवर अजून हिरवी पट्टी.
"दिसत नाय रे माना."
"ऐकू येतं ना?"

आता मी बेलापूरच्या कोर्टात कारकून आहे.
इथला कागद पलीकडच्या कचेरीत पोचायला
कधी चार दिवस लागतात.
लोक खिडकीशी येऊन शिव्या देतात,
बरोबरच देतात. मीही त्या कचेरीला देते.
तरी कुणी म्हणालं,
एकाच टेबलावर सगळं करून टाका ना मॅडम,
की माझा हात आपोआप
पर्समधल्या घराच्या किल्लीकडे जातो.

मावशीनं पट्टीसकट दिलेला पहिला निकाल :
काशाचा दंड चुकीचा. परत करा.
तिन्ही कुलपं उघडायला दुपार गेली.
बाबांनी नोटा काशाच्या हातावर आपटल्या,
घरी येईपर्यंत मावशीचा उद्धार केला,
काशाचा केला, पोशाकाकांच्या नव्या माणसाचाही केला,
जेवताना पुन्हा पहिल्यापासून केला.

आणि महिन्याभरानं
त्या रात्री पहिल्यांदा
भिंत हलेल असे घोरले.